सेन्सर आणि बुद्धिमान अल्गोरिदम या क्षेत्रातील पीएच.डी. : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या क्षेत्रात पीएच.डी. करायची म्हणजे नेमके कशावर संशोधन करायचे?

ढोबळपणे पाहिले तर कामाचे तीन थर आहेत. पहिला थर सेन्सरचा, म्हणजे भौतिक किंवा रासायनिक बदलाचे विद्युत संकेतात रूपांतर करणाऱ्या घटकाचा. त्यात पदार्थविज्ञान, पातळ थर, सिलिकॉनवर कोरलेल्या सूक्ष्म यांत्रिक रचना आणि प्रकाशीय तंतू येतात. दुसरा थर संकेत वाचणाऱ्या, वर्धन करणाऱ्या आणि अंकीय रूपात आणणाऱ्या परिपथांचा आहे. तिसरा थर त्या आकड्यांतून अर्थ काढणाऱ्या अल्गोरिदमचा असून त्याचा पल्ला 1960 मध्ये मांडल्या गेलेल्या काल्मन फिल्टरपासून (चुका मिसळलेल्या मोजमापांतून खरी स्थिती अदमासणारी गणिती पद्धत) आजच्या न्यूरल नेटवर्कपर्यंत आहे.

बहुतेक प्रबंध यांपैकी एका थरात खोलवर जातात आणि शेजारच्या थराला स्पर्श करतात. तिन्ही थरांत सारखेच मौलिक काम करण्याचा संकल्प करून अर्ज करणारे विद्यार्थी अनेक दिसतात, पण एका प्रबंधात ते साधत नाही आणि तशी अपेक्षाही कोणी ठेवत नाही. शेजारचा थर समजून घेणे मात्र टाळता येत नाही. ज्याला आपल्या सेन्सरचा गोंगाट, म्हणजे संकेतात मिसळणारे नको असलेले चढउतार, कुठून येतो हे ठाऊक नाही, त्याने त्या आकड्यांवर बसवलेल्या मॉडेलची अचूकता कितीही मोठी दिसली तरी तिच्यावर विसंबता येत नाही.

आपल्याकडच्या परिस्थितीतून विषय मिळू शकतात का, की परदेशी शोधनिबंधांतूनच विषय घ्यावा लागतो?

मिळू शकतात, आणि माझ्या मते शक्य तिथे ते तसेच शोधावेत. जमिनीतील ओलावा मोजणारे स्वस्त कपॅसिटिव्ह सेन्सर घ्या. पाण्याचा विद्युत अपार्यतांक (डायइलेक्ट्रिक स्थिरांक) सुमारे 80 असतो आणि कोरड्या मातीचा साधारण 3 ते 5. या मोठ्या फरकावरच हे सेन्सर चालतात. त्यांच्यासोबत येणारे अंशांकन (सेन्सरच्या आकड्याचे खऱ्या मूल्याशी जुळवणे) बहुधा मध्यम पोताच्या मातीसाठी केलेले असते. विदर्भ-मराठवाड्यातील काळ्या कापसाच्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण जास्त, काही पाणी कणांना घट्ट बांधलेले, आणि उन्हाळ्यात जमीन भेगाळली की सेन्सर आणि माती यांच्यामध्ये हवेची पोकळी तयार होते. अशा वेळी सेन्सर बिघडलेला नसूनही त्याचा आकडा चुकतो. ही चूक भौतिक मॉडेलने दुरुस्त करायची की शिकणाऱ्या अल्गोरिदमने, शेजारच्या तापमानाच्या नोंदीची त्यात किती मदत होते, एका शेतात शिकलेले मॉडेल दुसऱ्या शेतात किती टिकते, या प्रत्येक प्रश्नात चांगल्या प्रबंधाचे बीज आहे.

हवेची गुणवत्ता हे दुसरे उदाहरण. सूक्ष्म धूलिकण मोजणारे स्वस्त सेन्सर लेझरचा प्रकाश कणांवरून किती विखुरतो ते पाहतात. पावसाळ्यात आणि किनारपट्टीवर आर्द्रता वाढली की कण पाणी शोषून फुगतात आणि सेन्सर प्रत्यक्षापेक्षा जास्त धूळ दाखवतो. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीसारख्या ठिकाणी ही दुरुस्ती अटळ आहे. वायू ओळखणाऱ्या धातू-ऑक्साइड सेन्सरची अडचण आणखी वेगळी. ते काही शे अंश सेल्सिअसला तापवून वापरले जातात, एकापेक्षा जास्त वायूंना प्रतिसाद देतात आणि काळाबरोबर त्यांची पातळी सरकत जाते. ही सरक ओळखून तिची भरपाई करणे हा अल्गोरिदमच्या बाजूचा सक्रिय विषय आहे, आणि मुळात कमी सरकणारा पदार्थ घडवणे हा पदार्थविज्ञानाच्या बाजूचा.

कोयना परिसराचाही विचार करावा. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपानंतर तो जलाशयाशी निगडित भूकंपांच्या अभ्यासाचे जगातील महत्त्वाचे क्षेत्र ठरला, आणि भूविज्ञान मंत्रालयाच्या कराड येथील प्रयोगशाळेच्या प्रकल्पात तिथे सुमारे 3 किलोमीटर खोल विंधनविवर घेण्यात आले. खोल विवरातील उष्णता व दाब सहन करणारी उपकरणे आणि त्यांच्या नोंदींतून लहान भूकंप वेगळे काढणारे अल्गोरिदम ही कामे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यालाही खुली आहेत.

प्रवेशासाठी किमान अर्हता काय आहे?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर 2022 मध्ये लागू झालेल्या नियमांनुसार पदव्युत्तर पदवीत किमान 55 टक्के गुण हवेत. चार वर्षांची पदवी असलेल्या विद्यार्थ्याला 75 टक्के गुण असतील तर एम.टेक. न करताही अर्ज करता येतो. राखीव प्रवर्ग, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांना 5 टक्क्यांची सवलत आहे. आयआयटीसारख्या राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थांचे नियम स्वतंत्र असतात, आणि एकाच संस्थेतील दोन विभागांच्या अटीही भिन्न असू शकतात. त्यामुळे जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी.

गेट परीक्षा द्यावीच लागते का?

आयआयटी, एनआयटी आणि तत्सम संस्थांत पूर्णवेळ व अधिछात्रवृत्तीसह प्रवेश हवा असेल तर बहुतेक वेळा गेट ही राष्ट्रीय पातळीवरील पात्रता परीक्षा हाच मुख्य मार्ग आहे. त्याचा गुणांक निकालापासून तीन वर्षे ग्राह्य धरला जातो. राज्य विद्यापीठांत पेट नावाने ओळखली जाणारी प्रवेश परीक्षा असते. जून 2024 पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुणही विद्यापीठांच्या पीएच.डी. प्रवेशासाठी वापरता येऊ लागले आहेत. ज्याचे पुढचे वर्ष मोकळे आहे त्याने गेट द्यावी असे मी आग्रहाने सांगेन, कारण एकाच गुणांकावर देशभरातल्या अनेक विभागांत अर्ज करता येतो.

महाराष्ट्र आणि गोव्यात कोणत्या संस्थांकडे पाहावे?

पवईच्या आयआयटीत विद्युत अभियांत्रिकी, सिस्टिम्स अँड कंट्रोल, जैववैद्यकीय अभियांत्रिकी आणि यंत्र-बुद्धिमत्ता व डेटा विज्ञानाचे केंद्र यांत या क्षेत्राच्या वेगवेगळ्या बाजू हाताळल्या जातात. तिथली नॅनो-इलेक्ट्रॉनिक्सची सुविधा सेन्सर घडवू पाहणाऱ्यांसाठी विशेष महत्त्वाची आहे. इतर संस्थांतील संशोधकांनाही प्रशिक्षण आणि यंत्रसामग्री उपलब्ध व्हावी यासाठी केंद्र सरकारचा स्वतंत्र उपक्रम आहे, त्यामुळे लहान महाविद्यालयातून नोंदणी झाली म्हणजे स्वच्छकक्षाचे, म्हणजे सूक्ष्म घटक घडवण्याच्या धूळमुक्त खोलीचे, दार बंद झाले असे समजण्याचे कारण नाही.

नागपुरात व्हीएनआयटी आणि पर्यावरणाशी संबंधित मोजमापासाठी नीरी. पुण्यात सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ, संरक्षण संशोधनाकडे कल असलेल्यांसाठी गिरीनगरची डायट, इलेक्ट्रॉनिक पदार्थांसाठी सी-मेट, हवामान व वायू गुणवत्तेसाठी पाषाणची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था. मुंबईत व्हीजेटीआय आणि रसायन तंत्रज्ञान संस्था. कोल्हापुरात पातळ थरांवरील संशोधनाची जुनी परंपरा असलेले शिवाजी विद्यापीठ. आणि गोव्यात आयआयटी, एनआयटी, बिट्सचा परिसर व समुद्री उपकरणांसाठी दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, अशी ही साखळी आहे. नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीचाही इथे आवर्जून उल्लेख करावासा वाटतो. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना म्हणजे अत्यंत क्षीण संकेत टिपणारे एक प्रचंड सेन्सर जाळेच आहे, आणि त्यातील मानवनिर्मित रेडिओ गोंगाट वेगळा काढण्याचा प्रश्न संकेत-प्रक्रियेच्या विद्यार्थ्याला कितीतरी शिकवून जातो.

राज्याबाहेर जाण्याची तयारी असेल तर?

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील नॅनो विज्ञान व अभियांत्रिकी केंद्र सेन्सर घडवणाऱ्यांच्या यादीत वरच असावे. सायबर-भौतिक प्रणालींच्या (संगणक आणि भौतिक यंत्रणा एकत्र जोडणाऱ्या प्रणालींच्या) राष्ट्रीय मोहिमेला डिसेंबर 2018 मध्ये मंजुरी मिळाली आणि तिच्यातून देशभर 25 तंत्रज्ञान केंद्रे उभी राहिली. सेन्सर, जाळे आणि नियंत्रण प्रणालींचे केंद्र मद्रास आयआयटीकडे, शेती व पाण्याचे रोपड आयआयटीकडे, स्वयंचलित वाहनांचे हैदराबाद आयआयटीकडे, पाण्याखालील शोधाचे गुवाहाटी आयआयटीकडे, तर इंटरनेट ऑफ थिंग्जचे मुंबई आयआयटीकडे आहे. अर्ज करताना विभागाबरोबर या केंद्रांच्या प्रकल्पांकडेही लक्ष ठेवावे.

दरमहा किती रक्कम मिळते?

केंद्र सरकारच्या निधीवरील कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती 1 जानेवारी 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आहे, आणि साधारण दोन वर्षांनंतर समाधानकारक मूल्यमापन झाल्यावर ती 42,000 रुपये होते. वसतिगृहात न राहणाऱ्यांना नियमांनुसार घरभाडे भत्ता मिळू शकतो. 2018 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्तीत पहिली दोन वर्षे 70,000, तिसऱ्या वर्षी 75,000 आणि चौथ्या-पाचव्या वर्षी 80,000 रुपये, शिवाय दरवर्षी 2 लाख रुपयांचे संशोधन अनुदान अशी रचना ठरवण्यात आली. तिची निवड अर्थातच अधिक कठीण आहे.

राज्य पातळीवर पुण्यातील बार्टी आणि सारथी, तसेच नागपूरची महाज्योती या संस्था अनुक्रमे अनुसूचित जाती, मराठा-कुणबी आणि इतर मागास व भटक्या-विमुक्त प्रवर्गांतील पीएच.डी. विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. राज्य विद्यापीठांच्या संशोधन केंद्रांत नोंदणी करणाऱ्यांसाठी हाच अनेकदा मुख्य आधार असतो. रक्कम हाती पडायला विलंब होऊ शकतो, हे घराचे अंदाजपत्रक मांडतानाच लक्षात घ्यावे.

अधिछात्रवृत्तीची खात्री नसताना पूर्णवेळ पीएच.डी.ला नोंदणी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सैद्धांतिक विषयात कसेबसे निभावून नेता येते. सेन्सरच्या कामात घटक, मुद्रित परिपथ, वायूंचे सिलिंडर, शेतावर किंवा कारखान्यात जाण्याचा प्रवास असा खर्च सतत येत राहतो आणि तो विद्यार्थ्याच्या खिशातून जाऊ लागला की प्रयोगांची संख्या आपोआप कमी होते. प्रयोगशाळेला उपकरणे व साहित्यासाठी वेगळा निधी आहे का, हे प्रवेशापूर्वी विचारणे आगाऊपणाचे नाही.

नोकरी सांभाळून पीएच.डी. करता येईल का?

येईल. 2022 च्या नियमांत अर्धवेळ पीएच.डी.ला परवानगी आहे. त्यासाठी नोकरी देणाऱ्या संस्थेचे ना-हरकत पत्र लागते आणि अभ्यासासाठी वेळ दिला जाईल याची हमी त्यात असावी लागते. पुणे, नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगरच्या वाहन व यंत्रउद्योगात काम करणाऱ्या अभियंत्यांना हा मार्ग विशेष सोयीचा आहे, कारण खऱ्या यंत्रांची स्पंदने, तापमाने आणि बिघाडाच्या नोंदी त्यांच्या हाताशी असतात. पूर्णवेळ विद्यार्थ्याला त्याच नोंदींसाठी महिनोन्‌महिने परवानगीची वाट पाहावी लागते. मात्र हा डेटा प्रबंधात आणि शोधनिबंधात वापरता येईल, असे कंपनीकडून सुरुवातीलाच लेखी घ्यावे. दूरस्थ किंवा पूर्णतः ऑनलाइन पद्धतीच्या पीएच.डी.ला आयोगाची मान्यता नाही. तशा जाहिरातींपासून दूर राहावे.

किती वर्षे लागतात?

नियमानुसार किमान तीन आणि कमाल सहा वर्षे. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात. महिला व 40 टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना त्यापुढे आणखी दोन वर्षांची सवलत आहे, आणि महिलांना प्रसूती व बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा घेता येते. ऋतूंवर अवलंबून असलेल्या विषयात, म्हणजे पिके, पाऊस, हवा यांच्या बाबतीत, एक हंगाम हुकला तर पुढच्या वर्षापर्यंत थांबावे लागते. अशा विषयात पहिल्या वर्षीच्या कोर्सवर्कबरोबरच (प्रबंधाआधी पूर्ण करायचे अभ्यासक्रम) प्राथमिक उपकरण शेतात उभे राहिले पाहिजे.

मार्गदर्शक कसा निवडावा?

नावलौकिकाला महत्त्व आहेच, पण त्याआधी चार गोष्टी तपासाव्यात. त्यांच्या हाताखाली गेल्या काही वर्षांत किती विद्यार्थ्यांचे प्रबंध पूर्ण झाले आणि त्यांना किती काळ लागला? शोधगंगा या राष्ट्रीय संग्रहात प्रबंध खुले असतात. त्यांपैकी एक-दोन प्रबंधांतील प्रयोगांची प्रकरणे वाचली की त्या प्रयोगशाळेत मोजमाप किती काळजीपूर्वक केले जाते याचा अंदाज येतो. दुसरे, सध्या त्यांच्याकडे किती विद्यार्थी आहेत? आयोगाच्या नियमानुसार प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थ्यांची मर्यादा आहे. तिसरे, निवृत्ती जवळ आली आहे का? चौथी गोष्ट बहुतेक जण विचारतच नाहीत आणि या क्षेत्रात तीच निर्णायक ठरते: आपल्या सेन्सरची तुलना ज्याच्याशी करायची ते संदर्भ उपकरण प्रयोगशाळेत आहे का, किंवा खात्रीने वापरायला मिळणार आहे का? संदर्भ उपकरणाशिवाय नव्या सेन्सरची चूक किती हे सांगण्याचा मार्ग राहत नाही, आणि प्रबंधाचा पायाच ढासळतो.

सध्याच्या संशोधक विद्यार्थ्यांशी मार्गदर्शकाच्या अनुपस्थितीत बोलावे. प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काय चालते हे त्यांच्याइतके कोणी सांगू शकत नाही.

माझी पदवी इलेक्ट्रॉनिक्सची आहे आणि मशीन लर्निंग येत नाही. माझा निभाव लागेल का?

लागेल. रेषीय बीजगणित, संभाव्यता आणि संकेत-प्रक्रिया पक्की असेल तर मशीन लर्निंगची साधने कोर्सवर्कच्या काळात शिकता येतात. उलट, संगणकशास्त्रातून आलेल्या विद्यार्थ्याने परिपथ, नमुना-वारंवारता, गोंगाट आणि अनिश्चिततेचा हिशेब यांसाठी अधिक वेळ राखून ठेवावा, कारण या गोष्टी हातात उपकरण घेतल्याशिवाय नीट उमजत नाहीत. काहीशे किलोबाइट स्मृती असलेल्या मायक्रोकंट्रोलरवर मॉडेल बसवण्याच्या कामाला सध्या मोठी मागणी आहे आणि तिथे दोन्ही पार्श्वभूमींचे विद्यार्थी सारखेच उपयोगी पडतात.

इंटरनेटवर उपलब्ध असलेल्या तयार डेटावर प्रबंध होऊ शकतो का?

तयार डेटा सरावासाठी आणि तुलनेसाठी उत्तम आहे. संपूर्ण प्रबंध त्याच्यावर उभा करण्याला मात्र मी विरोधच करेन. अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाचा बेअरिंगच्या स्पंदनांचा डेटा हे सर्वांना परिचित उदाहरण आहे. त्यातील दोष बेअरिंगवर मुद्दाम, ठरावीक आकाराचे कोरलेले आहेत. एकाच नोंदीचे लहान तुकडे करून त्यांतले काही शिकवण्यासाठी आणि काही चाचणीसाठी यदृच्छया निवडले की अचूकता जवळजवळ शंभर टक्के दिसते. मॉडेलने अशा वेळी दोष ओळखायला शिकलेले असेलच असे नाही. ते विशिष्ट बेअरिंग आणि विशिष्ट नोंदच ओळखत असण्याची शक्यता असते. कारखान्यातील कधीही न पाहिलेल्या यंत्रासमोर तेच मॉडेल कोलमडते.

म्हणून चाचणीचा डेटा वेगळ्या यंत्राचा, वेगळ्या शेताचा, वेगळ्या रुग्णाचा किंवा वेगळ्या ऋतूचा असावा, आणि ही विभागणी प्रयोग सुरू करण्यापूर्वीच लिहून ठेवावी. अशी विभागणी केल्यावर 99 टक्क्यांचा आकडा 80 वर आला तरी तो 80 चा आकडा विज्ञानाच्या दृष्टीने मोलाचा आहे, आणि जाणकार परीक्षक मौखिक परीक्षेत नेमके याच विभागणीबद्दल विचारतात. स्वतः गोळा केलेला, लहान पण स्वच्छ नोंदींचा डेटा प्रबंधाबरोबर खुला केल्यास नंतरच्या संशोधकांवर मोठे उपकार होतात. भारतीय परिस्थितीतील असा डेटा आजही फार थोडा उपलब्ध आहे.

प्रयोगांसाठी कोणत्या परवानग्या लागतात?

माणसांच्या शरीरावर सेन्सर बसवायचा असेल, मग ते साधे मनगटी उपकरण का असेना, संस्थेच्या नीती समितीची मान्यता आधी घ्यावी लागते आणि सहभागी व्यक्तीची संमती तिला समजेल अशा भाषेत, आपल्याकडे बहुधा मराठीत किंवा कोकणीत, घ्यावी लागते. ड्रोनवर सेन्सर लावून उड्डाण करायचे असेल तर 2021 चे ड्रोन नियम आणि त्या भागाचे हवाई क्षेत्र कोणत्या प्रकारात मोडते हे पाहावे. पुण्यात, नाशकात आणि गोव्यात लष्करी तळांमुळे हा प्रश्न हमखास येतो. शेतकऱ्याच्या शेतात उपकरण ठेवताना लेखी करार सोपा असावा आणि मिळालेल्या नोंदी त्यालाही वाचता येतील अशी व्यवस्था असावी. ही कायद्याची अट नसली तरी मला ती संशोधकाची जबाबदारी वाटते.

शोधनिबंध आधी प्रसिद्ध करावा की पेटंटचा अर्ज आधी करावा?

पेटंटचा विचार असेल तर अर्ज आधी. शोध जाहीर झाल्यावर त्याचे नावीन्य सामान्यतः संपते आणि अपवाद फार मर्यादित आहेत. तात्पुरत्या विनिर्देशासह (शोधाच्या प्राथमिक वर्णनासह) अर्ज दाखल केल्यास पूर्ण विनिर्देश देण्यासाठी 12 महिने मिळतात आणि त्या काळात शोधनिबंधही पाठवता येतो. भारतीय पेटंट कायद्यात निव्वळ संगणक-प्रणाली किंवा अल्गोरिदम यांना पेटंट मिळत नाही; सेन्सरची रचना आणि तिच्याशी जोडलेली तांत्रिक परिणाम साधणारी पद्धत यांचा विचार होऊ शकतो. 2022 च्या नियमांत प्रबंधापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची देशव्यापी सक्ती उरलेली नाही, तरी अनेक संस्थांनी आपापली अट कायम ठेवली आहे.

परदेशातील संधींचे स्वरूप कसे असते?

जर्मनीत अभियांत्रिकीतील संशोधक विद्यार्थी पुष्कळदा विद्यापीठाचा वेतनधारी कर्मचारी असतो. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी जाळ्यांत निवड झालेल्यांना नोकरीचा करार मिळतो. भरतीच्या आधीच्या 36 महिन्यांत यजमान देशात 12 महिन्यांपेक्षा जास्त वास्तव्य नसावे ही त्यांची अट भारतातून अर्ज करणाऱ्यांच्या पथ्यावर पडते. ब्रिटनमध्ये विषयवार डॉक्टरेट प्रशिक्षण केंद्रे आहेत, आणि केंब्रिज विद्यापीठात सेन्सर तंत्रज्ञानासाठी असे केंद्र चालवले गेले आहे. सरकारी निधीतील जागांपैकी परदेशी विद्यार्थ्यांना 30 टक्क्यांपर्यंतच जागा देता येतात, म्हणून तिथे स्पर्धा तीव्र असते. या जागा नोकरीप्रमाणे विशिष्ट प्रकल्पासाठी जाहीर होतात, त्यामुळे सर्वांना एकच अर्ज पाठवण्याऐवजी प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळा अर्ज लिहावा.

संभाव्य मार्गदर्शकाला पहिले पत्र लिहिताना काय लिहावे?

पत्र एका पानापेक्षा मोठे नसावे. त्यांचा एखादा शोधनिबंध खरोखर वाचलेला असावा आणि त्यातील कोणत्या प्रयोगाबद्दल आपल्याला प्रश्न पडला हे दोन-तीन वाक्यांत लिहावे. आपण स्वतः केलेले एखादे मोजमाप, भले ते पदवीच्या प्रकल्पातले का असेना, त्यातील चुकीच्या मर्यादेसह सांगावे: तापमान मोजले तर कितीच्या फरकाने, कशाशी ताडून, किती दिवस. गुणपत्रिका आणि गेटचा गुणांक सोबत जोडावा, आणि निधीबद्दलचा प्रश्न पत्राच्या शेवटी सरळ शब्दांत विचारावा. दोन आठवड्यांत उत्तर न आल्यास एकदा स्मरणपत्र पाठवावे. तरीही उत्तर आले नाही तर त्याच विभागातील दुसऱ्या प्राध्यापकांना लिहायला हरकत नाही.